भुईआवळा, कावीळ आणि विषाणू

पावसाळ्याचे पहिले दोन महिने सरत आले की ग्रामीण भागातील आरोग्य केंद्रांत काविळीचे रुग्ण येऊ लागतात. नेमक्या त्याच दिवसांत शेताच्या बांधावर, घरामागच्या ओलसर जागेत, शाळेच्या कुंपणाशी भुईआवळ्याची रोपे माजलेली असतात. वीत-दीड वीत उंची, चिंचेसारखी बारीक पाने आणि पानांच्या ओळीखाली लपलेली, मोहरीपेक्षा थोडी मोठी हिरवी फळे असलेली ही वनस्पती ओळखत नाही असा शेतकरी विरळाच. ती मुळासकट उपटावी, धुवून वाटावी आणि ताकातून किंवा दुधातून सकाळी अनशापोटी द्यावी, हा काविळीवरील उपचार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. आयुर्वेदाच्या ग्रंथांत ती भूम्यामलकी व तामलकी या नावांनी आढळते.

रोग आणि त्याचे औषध एकाच ऋतूत, एकाच अंगणात सापडावे, हा योगायोग लोकांच्या विश्वासाला पोषक ठरला यात नवल नाही. परंतु हा विश्वास कितपत खरा, याची शास्त्रीय तपासणी जगातील नामवंत संशोधकांनी केली आहे, हे मात्र फारसे कोणास ठाऊक नसते. वनस्पतीपासून विषाणूंवर औषध मिळू शकते काय, मिळाले तर ते कसे ओळखावे, आणि तोवर गावातील रुग्णाचे काय करावे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे भुईआवळ्याच्या या इतिहासात आढळतात.

कावीळ म्हणजे एकच रोग नव्हे

डोळे व लघवी पिवळी होणे हे लक्षण आहे, रोगाचे नाव नव्हे. पित्तनलिकेत खडा अडकला तरी कावीळ होते, अतिरेकी मद्यपानाने यकृत बिघडले तरी होते. पावसाळ्यातील काविळीला मात्र बहुतांशी विषाणू कारणीभूत असतात. त्यांपैकी ‘ए’ आणि ‘ई’ हे विषाणू दूषित पाण्यातून व अन्नातून पसरतात. ‘बी’ आणि ‘सी’ हे रक्तातून, दूषित सुयांतून पसरतात. ‘बी’ हा शरीरसंबंधातून आणि प्रसूतीच्या वेळी मातेकडून बालकाकडेही जातो.

या भेदाचे महत्त्व मोठे आहे. ‘ए’ व ‘ई’ या विषाणूंची कावीळ बहुसंख्य रुग्णांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. शरीराची प्रतिकारशक्ती विषाणूचा नायनाट करते आणि यकृत पूर्ववत होते. रुग्णाने या काळात भुईआवळा घेतला, माळ घातली किंवा काहीच केले नाही, तरी निकाल बहुधा तोच लागतो. डोक्यावर ठेवलेली काविळीची माळ वाढत वाढत पायापर्यंत उतरली की कावीळही उतरली असे मानतात. माळ उतरते ती काड्या सुकून गाठी सैल झाल्यामुळे, आणि कावीळ उतरते ती तिची मुदत संपल्यामुळे. देवडांगरीचा रस नाकात घातल्यावर जे पिवळे पाणी वाहते, ती बाहेर पडलेली कावीळ नसून नाकाच्या आतील नाजूक त्वचेचा झालेला दाह असतो. त्यातून रक्तस्रावही होऊ शकतो.

दहांपैकी नऊ रुग्ण ज्या रोगातून आपणहून बरे होतात, त्या रोगावर कोणतेही औषध गुणकारी भासते. गावातील जाणता वैदू खोटे बोलत नसतो. त्याने औषध दिलेले बहुतेक रुग्ण खरोखरच बरे झालेले असतात. प्रश्न एवढाच की, औषध न देता किती बरे झाले असते, याचा हिशेब त्याच्याजवळ नसतो.

मद्रासमधील प्रयोग

हा हिशेब ठेवण्याचा पहिला गंभीर प्रयत्न आपल्या देशातच झाला. ‘बी’ विषाणूचा शोध लागण्यास कारणीभूत ठरलेला ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ अमेरिकन शास्त्रज्ञ बरूक ब्लुंबर्ग यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केला होता. त्यांच्या कार्याबद्दल १९७६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मद्रास येथील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एस. पी. त्यागराजन हे काविळीवरील पारंपरिक वनस्पतींचा अभ्यास करीत होते. या दोघांच्या सहकार्यातून भुईआवळा प्रयोगशाळेत पोहोचला. ‘बी’ विषाणूला आपली प्रत तयार करण्यासाठी पॉलिमरेझ नावाचे विकर लागते. भुईआवळ्याच्या अर्काने परीक्षानळीत या विकराला रोखले. उत्तर अमेरिकेतील वुडचक या बिळात राहणाऱ्या प्राण्याला ‘बी’शी नाते सांगणाऱ्या विषाणूचा संसर्ग होतो. त्या प्राण्यांवरील प्रयोगही उत्साहवर्धक ठरले. हे निष्कर्ष १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यानंतर माणसांवर चाचणी झाली. ज्यांच्या रक्तात ‘बी’ विषाणू कायम वास्तव्य करून असतो, अशा वाहकांना ३० दिवस भुईआवळ्याचे चूर्ण देण्यात आले. काहींना तशाच दिसणाऱ्या, परंतु औषध नसलेल्या आभासी मात्रा दिल्या. उपचार संपल्यावर १५ ते २० दिवसांनी रक्त तपासले असता औषध घेतलेल्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या, म्हणजे ५९ टक्क्यांच्या, रक्तातून विषाणूचा पृष्ठभागीय प्रतिजन नाहीसा झालेला आढळला. आभासी मात्रा घेतलेल्या २३ जणांपैकी हे भाग्य केवळ एकाच्या वाट्याला आले. १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात हा अहवाल प्रसिद्ध झाला. जगभर कोट्यवधी वाहक असताना आणि आजच्यासारख्या गोळ्या उपलब्ध नसताना, बांधावरचे तण त्यांना रोगमुक्त करू शकेल ही कल्पना किती आशादायी वाटली असेल, हे सांगावयास नको.

शास्त्रात मात्र एका प्रयोगावर कोणी थांबत नाही. तोच प्रयोग दुसऱ्याने, दुसऱ्या ठिकाणी करून तेच उत्तर आले तरच ते ग्राह्य धरतात. थायलंडमधील संशोधकांनी लक्षणे नसलेल्या वाहकांना भुईआवळा देऊन पाहिला. १९९० मध्ये, त्याच ‘लॅन्सेट’मध्ये, त्यांनी अपयश नोंदविले. न्यूझीलंडमधील वाहकांवर केलेल्या चाचणीचा निष्कर्ष १९९४ मध्ये आला, तोही नकारार्थीच. पुढे निरनिराळ्या देशांत, विशेषतः चीनमध्ये, अनेक चाचण्या झाल्या. त्या सर्वांचा एकत्रित पडताळा कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०११ मध्ये घेतला. आभासी मात्रेच्या तुलनेत भुईआवळ्याच्या कुळातील वनस्पतींचा ‘बी’च्या जुनाट रुग्णांना लाभ होतो असा खात्रीलायक पुरावा नाही, असे त्यात म्हटले आहे. इतर औषधांच्या जोडीला ही वनस्पती दिल्यास थोडा अधिक गुण येत असल्याची चिन्हे काही चाचण्यांत दिसली, परंतु त्या चाचण्यांची पद्धतच सदोष असल्याने त्यांवर विसंबणे कठीण आहे.

मग मद्रासचे आकडे आले कोठून? याचे एकच उत्तर देता येत नाही. चाचणी लहान होती. रुग्णांची संख्या थोडी असली की योगायोगालाही मोठा फरक दाखविता येतो. वाहकांचे प्रकारही भिन्न असतात. जन्मतः संसर्ग झालेल्यांत विषाणू अतिशय चिवट असतो, तर प्रौढ वयात संसर्ग झालेल्यांत तो आपणहून जाण्याची शक्यता मोठी असते. शिवाय वनस्पतीची ओळख हा प्रश्न आहेच. फायलँथस निरुरी ही जात मुळात अमेरिका खंडातील. भारतात त्या नावाने ओळखली जाते ती बहुधा फायलँथस अमारस असते. आणि बाजारात भुईआवळा म्हणून जे वाळलेले पाले-मुळे मिळते, त्यात या कुळातील तीन-चार जाती मिसळलेल्या असतात. जमीन, हंगाम व तोडणीची वेळ बदलली की एकाच जातीतील द्रव्यांचे प्रमाणही बदलते. शाळेतील विज्ञान शिक्षकांनी हे उदाहरण मुलांसमोर अवश्य ठेवावे. तुलनागट म्हणजे काय आणि प्रयोग पुन्हा करून का पाहावयाचा, हे त्यातून जितके स्पष्ट होते तितके पाठ्यपुस्तकातील व्याख्येतून होत नाही.

परीक्षानळी आणि शरीर

वनस्पती जागची हलू शकत नाही. कीटक, बुरशी व जंतू यांच्यापासून बचाव करण्यासाठी ती नाना प्रकारची रासायनिक द्रव्ये तयार करते. म्हणूनच औषधशोधकांचे लक्ष तिच्याकडे जाते. तथापि विषाणू हा शत्रू वेगळ्या जातीचा आहे. त्याला स्वतःचे चयापचय नाही. तो माणसाच्या पेशीत शिरून तिचीच यंत्रसामग्री वापरतो. पेशीला धक्का न लावता विषाणूला रोखणे हे त्यामुळे अवघड काम होऊन बसते. परीक्षानळीतील विषाणू साबणाने मरतो, मद्यार्कानेही मरतो. पण म्हणून ते पोटात घ्यावयाचे नसतात.

येथे एक फसगत नेहमी होते. हिरडा, बाभळीची साल, चहा, आवळा यांच्या तुरटपणाचे कारण टॅनिन ही द्रव्ये होत. भुईआवळ्यातही ती आहेत. टॅनिनला प्रथिनांशी चिकटण्याची खोड असते. कातडे कमावण्यासाठी बाभळीची साल वापरतात ती याच गुणामुळे. विकर हेही प्रथिनच असल्यामुळे परीक्षानळीत टॅनिन त्याला जखडते आणि अर्काने विषाणूला रोखल्याचा भास होतो. पोटात गेल्यावर तेच टॅनिन अन्नातील प्रथिनांशी चिकटून बसते, रक्तात फारसे शिरतच नाही. म्हणून आज वनस्पतींचे अर्क तपासताना काळजीपूर्वक काम करणाऱ्या प्रयोगशाळा टॅनिन आधी वेगळे काढतात. हळदीतील कुर्क्युमिन या द्रव्याची कथाही फारशी निराळी नाही. परीक्षानळीत ते असंख्य गोष्टींवर प्रभावी दिसते, परंतु आतड्यातून रक्तात पोहोचते ते अत्यल्प.

‘अमुक वनस्पतीने विषाणू नष्ट केला’ अशी बातमी वर्तमानपत्रात वाचनात आली, तर तो विषाणू काचेत नष्ट झाला, प्राण्यात झाला की माणसात, हे आधी पाहावे. बहुतेक बातम्या काचेपाशीच संपतात.

जेथे यश आले

यावरून वनस्पतींच्या वाटेला जाऊच नये असा अर्थ कोणी काढील, तर तो चुकीचा ठरेल. हिमालयातील व अमेरिकेतील पोडोफायलम वनस्पतींच्या मुळांपासून पोडोफायलोटॉक्सिन हे द्रव्य काढतात. गुप्तांगावर विषाणूमुळे येणाऱ्या चामखिळींवर ते लावण्याचे मान्यताप्राप्त औषध आहे. द्रव्य अतिशय विषारी असल्याने ते पोटात घ्यावयाचे नाही. याच विकारासाठी हिरव्या चहाच्या पानांच्या शुद्ध केलेल्या अर्काचे मलम अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ मध्ये संमत केले. या दोन्ही औषधांत द्रव्य व त्याची मात्रा ठरलेली आहे. ती जखमेपर्यंत थेट पोहोचविता येतात, आणि तुलनागट ठेवून केलेल्या चाचण्यांत उतरलेली आहेत.

तिसरे उदाहरण महाराष्ट्राच्या चांगलेच स्मरणात आहे. २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने हाहाकार उडविला, तेव्हा ज्या गोळ्यांसाठी रुग्णालयांपुढे रांगा लागल्या, त्या ऑसेल्टामिविर या औषधाच्या होत्या. तिच्यासाठी लागणारे शिकिमिक आम्ल हे मसाल्यातील चक्रफुलापासून काढले जाते. पुढे सूक्ष्मजीवांकडूनही ते तयार करून घेण्यात येऊ लागले. चक्रफुलात औषध आहे असा समज त्या दिवसांत पसरला, तो मात्र निराधार होता. शिकिमिक आम्लाचा विषाणूवर काहीच परिणाम होत नाही. अनेक रासायनिक प्रक्रियांतून गेल्यावर त्याचे औषध बनते. मातीत भांडे असते असे म्हणण्यासारखेच ते आहे.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे

कोविडच्या साथीत प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून घरोघरी गुळवेलीचे काढे सुरू झाले. असे काढे घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची माहिती मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. केंद्रीय आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वेल गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात, याची खातरजमा झाली नव्हती, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. या वादात कोणाचेही म्हणणे खरे मानले तरी घरातील माणसापुढची अडचण तीच राहते. वेल तोडणाऱ्याला जात ओळखता येत नसेल, मात्रा किती हे ठाऊक नसेल आणि किती दिवस घ्यावयाचे याला धरबंध नसेल, तर अपाय संभवतो. काविळीत यकृत आधीच दुखावलेले असते. अशा वेळी अनोळखी मुळ्यांचे काढे, अघोरी डागण्या किंवा नाकात घालावयाचे रस यांचा धोका दुणावतो.

विलंबाची किंमत

भुईआवळा स्वतः फारसा अपायकारक आढळलेला नाही. मद्रासच्या चाचणीतही दुष्परिणाम जवळजवळ नव्हते. खरा धोका त्याच्यामुळे जाणाऱ्या दिवसांचा आहे.

‘ई’ विषाणूची कावीळ इतरांना सौम्य असली तरी गर्भवतीला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, ती प्राणघातक ठरू शकते. अशा स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण शंभरात २० ते २५ पर्यंत जाऊ शकते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गावातील गर्भवतीचे डोळे पिवळे दिसले तर पहिले दोन दिवस पाला वाटण्यात घालवावयाचे नाहीत. त्याच दिवशी तिला रुग्णालयात पोहोचविले पाहिजे. असंबद्ध बोलणे, दिवसा अनावर झोप, सतत उलट्या, कोठूनही रक्तस्राव, पोट फुगणे ही लक्षणे दिसली तर कोणत्याही वयाच्या रुग्णाला हाच नियम लागू आहे.

‘बी’चे दुखणे याच्या उलट, मुके आहे. प्रौढपणी संसर्ग झालेल्या शंभरांपैकी पाचांहून कमी जणांत तो कायमचा राहतो. जन्मतः झालेल्या शंभर अर्भकांपैकी मात्र सुमारे ९० जणांत तो ठाण मांडून बसतो आणि पुढे पंचवीस-तीस वर्षांनी यकृत कठीण होते किंवा यकृताचा कर्करोग होतो. मधल्या काळात माणूस धडधाकट दिसतो. एकदा येऊन गेलेली कावीळ पाल्याने बरी झाली असे मानून त्याने रक्त तपासलेच नाही, तर हे कळावे कसे? आज ‘बी’ला दाबून ठेवणारी टेनोफोविरसारखी औषधे उपलब्ध आहेत. ‘सी’ तर सुमारे तीन महिन्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांत पूर्ण बरा होतो. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रमात तपासणी व औषधोपचार मोफत आहेत. ‘बी’वरील लस २०११ पासून देशभरातील नियमित लसीकरणात आहे. तिची पहिली मात्रा जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यावयाची असते. बाळंतपण घरी झाले की नेमकी हीच मात्रा चुकते.

पाण्याबद्दल ग्रामपंचायतींना नव्याने सांगण्याजोगे थोडेच आहे. तरीही, १९५५-५६ च्या हिवाळ्यात यमुनेतील सांडपाणी पाणीपुरवठ्यात मिसळल्याने दिल्लीत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली होती, आणि ती ‘ई’ विषाणूची होती हे पुढे साठविलेल्या रक्तनमुन्यांवरून सिद्ध झाले, हे ध्यानात ठेवावे. एका गावात एकाच आठवड्यात काविळीचे तीन-चार रुग्ण निघाले, तर घरोघरी औषध वाटण्याआधी जलवाहिनी कोठे गटारातून जाते ते शोधावे, पाण्याचा नमुना तपासणीस पाठवावा आणि आरोग्य केंद्राला कळवावे. दुरुस्ती होईपर्यंत पाणी उकळून पिण्याची दवंडी द्यावी.

बांधावरील वनस्पतींचे काय?

एका औषधाने अपेक्षाभंग केला म्हणून त्या वनस्पतीचे किंवा तिच्याविषयीच्या ज्ञानाचे मोल संपत नाही. १९८७ मध्ये मलेशियातील सारावाकच्या जंगलात एका झाडाची पाने व फांद्या संशोधनासाठी गोळा करण्यात आल्या. त्यातील कॅलॅनोलाइड ए या द्रव्याने एड्सच्या विषाणूला प्रयोगशाळेत अटकाव केला. अधिक नमुने आणावयास संशोधक परत गेले, तेव्हा ते झाड तोडले गेले होते, आणि आसपासच्या त्याच जातीच्या झाडांत ते द्रव्य पुरेसे सापडेना. त्या द्रव्याच्या माणसांवरील प्राथमिक चाचण्या पुढे झाल्या, पण औषध बाजारात आलेले नाही. या झाडाचा सख्खा नातेवाईक म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावरील उंडी. तिच्या बियांचे कडू तेल पूर्वी दिव्यांत जाळीत. उंडीतही एड्सच्या विषाणूच्या विकराला रोखणारी द्रव्ये असल्याचे १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. सह्याद्रीतील नरक्या या झाडाचा अनुभव आणखी जवळचा आहे. त्यात कर्करोगावरील औषधांसाठी लागणारे कॅम्टोथेसिन आहे हे कळताच मागणी एवढी वाढली की, अनेक ठिकाणी त्याची बेसुमार तोड झाली.

जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयास हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयास हवी. पुष्कळ ठिकाणी ही वही एकदा भरून कपाटात गेलेली आढळते. भुईआवळ्याची नोंद करताना ‘काविळीवर गुणकारी’ एवढेच लिहिल्याने कोणाचा उपयोग होत नाही. वनस्पती कोणत्या गटात, कोणत्या महिन्यात उगवते, तिच्या किती प्रकारच्या जाती गावात वेगळ्या नावांनी ओळखतात, कोणता भाग वापरतात, कशातून व किती दिवस देतात, कोणाला देत नाहीत, हे जाणत्या वृद्धांना विचारून लिहावे. त्यांपैकी जे आपल्या औषधाची माहिती देण्यास राजी नसतील, त्यांची इच्छा मानावी. जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांकडून फुला-फळांसह वाळविलेल्या नमुन्यावर शास्त्रीय नाव लिहून घ्यावे आणि तो नमुना वहीच्या त्या पानाबरोबर जपून ठेवावा.